वडील काय करतात?

रिया चौथीत होती तेव्हाची गोष्ट. तोंडवलीच्या शाळेतल्या गुरुजींनी संजनाला बोलावून घेतलं. मुलीने काहीतरी उपद्व्याप केला असणार अशा समजुतीने संजना पदर सावरत व्हरांड्यात उभी राहिली, तर गुरुजी म्हणाले, "पाचवीचं गणित हिने माझ्याकडून करून घेतलं, आता सहावीचं मागते आहे. हिला चांगल्या शाळेत घाला. इथे ठेवू नका."

सांगायला सोपं होतं. संजना मालवणच्या बाजारात मासे विकायची. नवरा सुदेश दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल होता. बोट चालवायची त्याने, खलाशी सांभाळायचे त्याने, पण मालक वेगळा. घर चालत होतं. कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता. पण चांगली शाळा म्हणजे काय आणि ती कुठे असते, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं फ्रान्सिस्का टीचरना. त्या मालवणच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या आणि मासे घ्यायच्या ते संजनाकडूनच. संजनाने सुरमई कापता कापता गुरुजींचं बोलणं सांगितलं, तशी टीचर पिशवी खाली ठेवून तिथेच थांबल्या.

"सावंतवाडीच्या पलीकडे एक इंग्रजी शाळा आसा. मुलींची. थंयच रवाचा, थंयच शिकाचा. फी तुमका-आमका झेपाची नाय. पण एका ट्रस्टाची शिष्यवृत्ती आसा, पाचवीपासून दहावीपर्यंत सगळो खर्च. आधी परीक्षा घेतत, मगे घर बघूक येतत. मी अर्ज आणून देतंय. धावपळ करतलंस मां?"

"करतलंय," संजना म्हणाली.

आणि तिने केली. तलाठ्याकडे गेली, तहसीलदार कचेरीत गेली, साहेब आज नाहीत म्हणून परत आली, पुन्हा गेली. कचेरीत तिथली मराठी बोलायची म्हणून मनातल्या मनात वाक्यं जुळवून ठेवायची. शेवटी उत्पन्नाचा दाखला हातात आला. तोवर रिया फ्रान्सिस्का टीचरांच्या ओसरीवर बसून इंग्रजी शब्द घोकत होती. सावंतवाडीला परीक्षा झाली त्या दिवशी पोरगी वर्गातून बाहेर आली ती हसतच. "सगळा येत होता," एवढंच म्हणाली. त्यानंतर एप्रिलात ट्रस्टकडून कळलं की रियाचं नाव वर आहे, आता घर पाहायला माणूस येईल.

आल्या त्या केणी मॅडम. उंच, पांढऱ्या केसांच्या, बोलायला मऊ. सुदेश बोटीवर होता. संजनाने रियाला इस्त्रीचा फ्रॉक घातला होता आणि सासूला, यमुनाबाईला, चहाचं पाहायला सांगितलं होतं. मॅडम अंगणात थांबल्या. समोर गुलाबी रंगाची नवी खोली होती, दाराशी टाइल्स, वर पाण्याची टाकी.

"हे तुमचं?"

"नाही मॅडम. दिरांचं. ते मुंबईला असतात. पर्यटकांसाठी बांधलंय."

मॅडमनी मान हलवली, पण ती खोली त्यांच्या डोळ्यांतून हलली नाही, हे संजनाला दिसलं. आत बसल्यावर त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"तांडेल आहेत. ट्रॉलरवर."

"तांडेल म्हणजे बोटीचे प्रमुखच ना? मग तशी कमाई बरी असणार."

"हंगामात बरी. पावसात सगळं बंद."

"ते सगळ्यांचंच असतं." मॅडमनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट खंत होती. "ताई, तुमची मुलगी हुशार आहे, मला पटतंय. पण आमच्याकडे हुशार मुली पुष्कळ येतात. जिथे घरात खरोखर आधार नाही, तिथे आम्हाला द्यायचं असतं. तुमच्याकडे तशी अडचण काय, ते मला कुठेतरी दाखवता आलं पाहिजे. वडील पैसे घरात देतात ना? की पितात वगैरे?"

रिया आईच्या शेजारी बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

"हो," संजना म्हणाली.

मॅडमनी पेन उचललं.

सुदेशने आयुष्यात दारूला बोट लावलेलं नव्हतं. शिमग्यात सगळी बोट झिंगली तरी हा कोकमाचं सरबत घेऊन बाजूला बसायचा, आणि खलाशी त्याची टर उडवायचे. पिणारा होता त्याचा बाप, हरिश्चंद्र. तो पिऊन पिऊनच मेला. सुदेश त्याबद्दल कधी अवाक्षर काढायचा नाही. जे काही संजनाला माहीत होतं ते सासूने, मासे साफ करताना, तांदूळ निवडताना, तुकड्यातुकड्याने सांगितलेलं. आता मॅडम विचारत गेल्या तसतसे तेच तुकडे संजनाच्या तोंडून बाहेर पडायला लागले. मारतात का? मारतात. मुलीला? मध्ये आली तर तिलाही. जेवणावरून भांडतात. पेजेचं मडकं एकदा अंगणात भिरकावलं. एकदा वल्ह्याच्या दांड्याने मारलं. बोलताना ती स्वतःच चकित झाली होती. कुठेच अडखळावं लागत नव्हतं.

आत यमुनाबाईची विळी नारळ खवता खवता थांबली. चहा बाहेर आलाच नाही.

मॅडम उठल्या तेव्हा त्यांनी संजनाचा हात हातात घेतला आणि रियाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या गेल्यावर यमुनाबाई चुलीपाशी तशीच बसलेली सापडली.

"मडक्याचा ता माझा आसा," ती म्हणाली. "आणि वल्ह्याचा सुदेशाचा. आठ वर्सांचो होतो तो तेव्हा. माका सोडवूक मदी इलो होतो."

"आये, माका दुसरा काय सुचाक नाय."

यमुनाबाईने विळी बाजूला सारली. रडली नाही, ओरडली नाही. बऱ्याच वेळाने नातीकडे पाहत म्हणाली, "जावंदे. चेडू शिकांदे. पण सुदेशाक कळता नये."

जूनमध्ये रिया शाळेत गेली. निळा स्कर्ट, पांढरे मोजे, ट्रंकेवर टीचरांनी स्वतः रंगवून दिलेलं नाव. सुदेशने बोटीवरच्या सगळ्यांना पेढे वाटले. महिन्यातून एका रविवारी पालकांना भेटायला सोडत. पहिल्या रविवारी संजना एकटीच गेली. बोट किनाऱ्याला ओढायची, इंजिन उतरवायचं, अशी कामं सुदेशला होती. ती मनातून सुटल्यासारखी झाली. पण जुलैत मासेमारी बंद. सुदेशला घरात बसून जाळी शिवण्यापलीकडे उद्योग नव्हता.

"ह्या खेपेक मी येतंय," तो म्हणाला.

"पाऊस मरणाचो. दोन गाडये बदलूचे लागतत. तुमी कित्याक तरास घेतास?"

"माझा चेडू आसा, तरास कसलो?"

तिने कारणं काढून पाहिली. घर गळतंय म्हणाली, आयेला बरं नाही म्हणाली. त्याने घराची कौलं परतली, आईला डॉक्टरकडे नेऊन आणलं, आणि रविवारी नवा शर्ट घालून तयार झाला. मालवणच्या बाजारात थांबून त्याने रियासाठी गुळाचं खाजं घेतलं आणि पिशवी भिजू नये म्हणून शर्टाच्या आत धरली.

शाळेच्या फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला एक लांबट खोली होती. तिथे आईबाप बाकांवर बसायचे आणि मुली एकेक करून यायच्या. दाराशी वॉर्डन बाई वही घेऊन उभ्या होत्या. संजनाचं नाव ऐकून त्यांनी पान उलटलं, मग सुदेशकडे पाहिलं.

"हे वडील? जरा इकडे या. तोंड उघडा."

सुदेश हसला. त्याला वाटलं, काही साथबीथ आलेली असेल, घसा बघत असतील. "काय झाला?"

"हा करा. श्वास सोडा माझ्याकडे." बाईंचा आवाज कोरडा होता, अपमान करावा असा काही हेतू त्यात नव्हता, रोजचं काम करावं तसं त्या करत होत्या. "ज्यांच्या बाबतीत व्यसनाची नोंद आहे त्यांना तपासल्याशिवाय आत सोडत नाही. मुलींच्या भल्यासाठीच आहे."

सुदेशचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्याने वळून संजनाकडे पाहिलं. संजना खाली पाहत होती. त्याने आत पाहिलं. पहिल्या बाकापाशी रिया येऊन उभी होती, आणि तीही खाली पाहत होती.

मग त्याने तोंड उघडलं आणि त्या बाईकडे श्वास सोडला. मागे आईबापांची रांग उभी होती.

"ठीक आहे. जा," बाई म्हणाल्या.

भेटीची वेळ संपेपर्यंत सुदेश लेकीशी बोलत बसला. मैत्रिणी कोण, जेवण बरं असतं का, रात्री भीती वाटते का. खाजं तिच्या हातात दिलं. रिया उत्तरं देत होती, पण मान वर करत नव्हती. घंटा झाली तेव्हा त्याने तिच्या केसांवर हात ठेवला, आणि पोरगी इतकी दचकली की त्याने हात पटकन मागे घेतला.

कुडाळच्या स्टँडवर मालवणच्या गाडीची वाट बघताना तो पहिल्यांदा बोलला.

"काय सांगितलंस?"

संजनाने सगळं सांगितलं. गुलाबी खोली, आडवं ठेवलेलं पेन, ते 'हो'. गाडी लागली, सुटली, दोघं तिथेच. मडक्यापाशी येऊन ती थांबली, तर तो म्हणाला, "फुडे सांग." तिने वल्ह्याचंही सांगितलं. सुदेशचा हात नकळत मागे, पाठीकडे गेला.

"ता तुका आयेन सांगितल्यान?"

"होय."

"आणि रियाक पण इचारल्यानी असतला. ती काय म्हणाली?"

हे संजनाला टाळायचं होतं. शाळेत घेताना रियाला एकटीला बसवून विचारलं होतं. पोरीने आईचंच पुढे चालवलं होतं. "मी सांगितलंय तसाच," ती पुटपुटली.

सुदेशने मान हलवली. ओरडला असता, चारचौघांत दोन शिव्या हासडल्या असत्या, तर तिला सोपं गेलं असतं. तो उठून चौकशीच्या खिडकीपाशी गेला आणि पुढच्या गाडीची वेळ विचारून आला.

त्या दिवसापासून तो किनाऱ्यावरच्या खोपीत, जिथे जाळी नि इंजिनं ठेवायची तिथे, झोपायला लागला. जेवायला घरी यायचा. आईशी बोलायचा नाही, बायकोशी कामापुरतं. एकदा संजना म्हणाली, "मी जावन सांगतंय त्यांका. खोटा होता म्हणान." तो जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "चेडवाचा शिक्षण मोडू नको. आता झाला ता झाला." भेटीच्या रविवारी तो परत कधी गेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत रिया घरी आली. उंच झाली होती, केसांचा भांग वेगळा पाडायला लागली होती. डिसेंबरात ट्रस्टचा मोठा कार्यक्रम होता, देणगीदार येणार होते, आणि भाषणाला तिची निवड झाली होती. इंग्रजीत. शाळेतल्या बाईंनी लिहून दिलं होतं, तिला पाठ करायचं होतं. दुपारी ती अंगणात तुळशीपाशी उभी राहून म्हणायची, हात कुठे हलवायचा तेही शिकवलेलं होतं.

सुदेश पडवीत जाळं शिवत बसला होता. संजना सुके बांगडे उलटत होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण 'फादर' कळायचं. फादर, ड्रिंक, मदर, क्राय. बाजारात पर्यटकांना मासे विकताना एवढे शब्द कुणालाही येतात. सुदेशही त्या पर्यटकांना सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी होडीतून फिरवायचा.

रियाचं म्हणून झालं. सुदेशचा हात थांबला होता.

"काय ता सांगतंस गो?" त्याने विचारलं.

"गावाविषयी, बाबा," रिया म्हणाली. "समुद्र, बोटी, असला." तिचा आवाज कुठे अडखळला नाही. दुधाला किती पैसे पडले ते सांगावं तसं तिने सांगितलं.

"बरा बोलतंस," सुदेश म्हणाला. "पण मान खाली घालू नको. मान वर करून बोल. लोक इतक्या लांबसून ऐकूक येतत."

रियाने मान वर केली आणि पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. तो ऐकत राहिला, शेवटपर्यंत. संजनाच्या हातातला बांगडा हातातच राहिला. त्याला किती कळलं हे तिला कधीच नक्की कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती आधी फ्रान्सिस्का टीचरांकडे गेली. टीचरांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. रियासाठी ट्रस्टकडे त्यांनीच शब्द टाकला होता. आता त्यांचाही शब्द खोटा पडणार होता.

"माका आधीच सांगूचा होता," त्या रागाने म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "ह्या सांगितलंस तर चेडू बाहेर येतला. माहीत आसा मां तुका?"

"माहीत आसा."

"मगे मी तुझ्यावांगडा येवचंय नाय. तूच जा. तुझा तूच सांग."

सावंतवाडीला ट्रस्टची कचेरी तळ्याजवळच्या एका जुन्या घरात होती. केणी मॅडमनी तिला ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी मागवलं. संजनाने जुळवून ठेवलेली वाक्यं म्हटली. माझे मिस्टर पीत नाहीत. कधीच प्यायले नाहीत. त्यांनी आमच्यावर कधी हात उचलला नाही. मी खोटं सांगितलं. मुलीनेही सांगितलं ते माझ्यामुळे.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा मऊ चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"तुम्हाला माहीत आहे का," त्या म्हणाल्या, "रियाच्या खालोखाल देवगडकडची एक मुलगी होती. तिचा बाप खरोखरच पितो, हे मला नंतर कळलं. मी त्या घरातही गेले होते. तिची आई माझ्यापुढे एक शब्द बोलली नाही. लाजेने. मी आपलं लिहिलं, परिस्थिती ठीक दिसते."

खोटं आपल्या घरातच राहील, फार तर सुदेशच्या अंगावर पडेल, असं संजनाला वाटत होतं. देवगडकडच्या कुणाच्या दारापर्यंत ते जाईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही विचारलंत, पितात का. मी हो म्हटलं. तुम्ही दुसरं काही विचारलं असतं तर कदाचित..." वाक्य पुढे जाईना. "चूक माझीच. पण तुम्ही दुसरं काही विचारलंच नाहीत."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. पण त्या नजर वळवून खिडकीकडे पाहू लागल्या आणि म्हणाल्या, "मला हे कमिटीपुढे ठेवावं लागेल."

कमिटीने ठरवलं की मुलीचं वर्ष मध्येच मोडू नये, एप्रिलपर्यंत राहू द्यावं. पुढच्या वर्षापासून जागा देवगडच्या मुलीला. डिसेंबरच्या कार्यक्रमात दुसरी कुणी मुलगी बोलली. वार्षिक परीक्षेत रिया वर्गात पहिली आली आणि मेमध्ये ट्रंक घेऊन घरी परतली.

आजीने तिला जवळ घेतलं, ती गेली. बापाने ट्रंक उचलली, ती त्याच्या मागोमाग चालली. आईशी मात्र ती बोलेना. बोलली ती एकदाच, पहिल्याच दिवशी.

"तुया कित्याक सांगितलंस?"

"खोटा होता गो बाय."

"तेव्हापण खोटाच होता! तेव्हा माका बोलाक लावलंस. मी बोललंय. सगळ्यांका सांगितलंय, बाबा मारतत म्हणान. माझ्या मैत्रिणींका सांगितलंय. आता त्यांका काय वाटला असतला?" तिने ट्रंक पायाने लोटली. "माका शिकूचा होता."

संजना उभ्या जागी ऐकत राहिली. यातला एकही शब्द खोडून काढण्यासारखा नव्हता.

सुदेश त्या पावसाळ्यात खोपीतून घरात झोपायला आला. एका संध्याकाळी चटई आणली आणि टाकली. आईशी अजून त्याचं तुटक होतं. चार दिवसांनी, चहा पिताना, तो संजनाला म्हणाला, "सांगूक नको होता. माका चलला असता."

"तुमका चलला असता," संजना म्हणाली, "म्हणानच सांगितलंय."

त्याने कप खाली ठेवला. पण उठून गेला नाही.

जूनमध्ये रियाचं नाव मालवणच्या हायस्कुलात घातलं. सकाळच्या गाडीने मायलेकी एकत्रच निघायच्या, पण संजना माशांची पाटी घेऊन मागे बसायची आणि रिया पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीकडे तोंड करून. स्टँडवर उतरली की मागे वळून न पाहता चालू लागायची. फ्रान्सिस्का टीचर मासे घेताना सांगायच्या, वर्गात हात वर करत नाही, विचारलं तर मात्र सगळं येतं. संजना मान हलवायची आणि बांगडे मोजून पिशवीत टाकायची.

असं गणपतीपर्यंत चाललं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरात गणपतीच्या वर टांगायची माटवी सजवायची गडबड होती. सुदेश शिडीवर चढला होता, यमुनाबाई खालून नारळ देत होती आणि त्याला सांगत होती, "जपान रे, जपान." संजना पिठात हात घालून बसली होती. आतल्या खोलीत रिया पेट्यांची उघडझाप करत होती, मग दारात आली. चेहरा आंबटच होता, नजर दुसरीकडे.

"आई, माझी निळी रिबन खंय ठेवलंस?"

संजना पिठाच्या हातांनीच उठली. कपाट पाहिलं, पेटी पाहिली, गादीखाली पाहिलं. रिबन सापडेना. रिया दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "रवांदे, शोधू नको," म्हणाली नाही. संजना शोधत राहिली.